पूजेला बसलेला कॉम्प्युटर

"हात लावलात तर बघा!"

अंबूअक्का दारातूनच कडाडल्या आणि बटणाजवळ गेलेला माझा हात तिथंच थांबला. मी काही कुणाच्या ओरडण्याला भिणारी नव्हे. आमच्या आईच्या मते मी जन्मजात आगाऊ आणि वर तापट. पण त्या आवाजात असं काही होतं की माझ्या शेजारी उभे असलेले पुरुषोत्तमशेठ, म्हणजे त्या अख्ख्या कारखान्याचे मालक, मागं सरकून भिंतीला टेकले.

"आज खंडेनवमी आहे," अक्का आत येत म्हणाल्या. "सकाळी माझ्या हातानं पूजा केलीय मी ह्याची. आता उद्या दसऱ्याला सुटणार. तोवर विश्रांती. तुम्ही कोण ओ, झोपलेल्याला उठवणाऱ्या?"

"मी गिरिजा बिराजदार. ह्याची डॉक्टर समजा."

"का? आजारी आहे का तो?"

मी शेठकडे बघितलं. शेठनी छताकडे बघितलं.

कॉम्प्युटर दिसत तरी नव्हता आजारी. उलट नवरदेवासारखा सजला होता. डब्याला झेंडूचा हार, पुढच्या बाजूला हळदी-कुंकवाची पाच-पाच बोटं, पायाशी नारळाचं भकल, आणि कीबोर्डच्या फटीफटीत अक्षता. त्या अक्षता एकेक करून काढाव्या लागणार होत्या, पण तो विषय मी नंतरसाठी ठेवला.

ही गोष्ट सोलापूरची. पुरुषोत्तमशेठचा चादरींचा कारखाना होता, एमआयडीसीत. चादरीवरची नक्षी मागावर उठते ती आधी चौकटीच्या कागदावर काढावी लागते. एक चौकट म्हणजे एक धागा. भरली की धागा वर, रिकामी ठेवली की खाली. हे काम तिथं राजमल्लू चिलवेरी करायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांच्या नक्षीच्या चादरी कुठं कुठं गेल्या असतील त्याचा पत्ता त्यांना स्वतःलाही नव्हता. शेठनी कॉम्प्युटर घेतला, मी त्यांना डिझाइनं साठवायचा प्रोग्रॅम लिहून दिला, आणि ज्या माणसानं आयुष्यभर पेन्सिल धरली त्या अण्णांनी हट्टानं माउस धरला. सुरुवातीला तो टेबलावरून खाली पडायचा. नंतर मात्र असा काही हात बसला की बस.

तर अंबूअक्का ह्या अण्णांच्या बायको. कारखान्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या सवाष्ण, म्हणून खंडेनवमीची पूजा त्यांच्या हातची. त्या दिवशी सकाळी त्यांनी एकेक माग पुजला, वजनकाटा पुजला, वायरमनची पकड आणि स्क्रू ड्रायव्हर पुजले, शेठची स्कूटर पुजली, आणि शेवटी कॉम्प्युटरपाशी आल्या. तो चालू होता. "चालत्या यंत्राची कधी पूजा करतात का!" असं म्हणून त्यांनी खालचं मोठं बटण खट्टकन बंद केलं आणि हार घातला.

दुपारी शेठना राहवेना. दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिला माग अण्णांच्या नव्या डिझाइनवर चालवायचा, असं ठरलेलं. ते डिझाइन मागाला आदल्या दिवशीच द्यावं म्हणून त्यांनी अक्कांच्या नकळत कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर आलं: डेटाच्या फायली खराब झाल्या आहेत. शेठनी पटकन बंद केला, मला फोन लावला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा गुपचूप याल का?"

गुपचूप कसलं. अक्कांनी दारातच पकडलं.

"खरं सांगा शेठ," अक्कांनी कमरेवर हात ठेवले, "दुपारी बटण दाबलं ना तुम्ही? पूजा झाल्यावर?"

"एकदाच दाबलं ओ अक्का."

"एकदाच म्हणे! मग रुसणार नाही तर काय होईल तो?"

तेवढ्यात अण्णा आले. उंच, वाकलेला, पांढरं धोतर नेसलेला माणूस. त्यांनी मला हातानं खूण करून व्हरांड्यात बोलावलं.

"मॅडम, एक ऐकायचं माझं. सकाळी बटण बंद केलं म्हणून झालं ना हे?"

"बहुतेक. तुमचं डिझाइन उघडं होतं का?"

"होतं. मी हात धुवायला गेलो होतो." त्यांनी आत बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "हे तिला कळू देऊ नका. शेठच्या बटणानं झालं असं वाटतंय तिला, वाटू द्या. शेठची हरकत नाही, मी विचारलंय."

"आणि डिझाइन? त्याची दुसरी प्रत?"

"नाही. तुम्ही पाडव्याला सीडी काढून दिली, त्यानंतर घेतलं मी हे करायला." त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. बोटं थरथरत होती. "आता परत नाही जमायचं. हे माझं शेवटचं. उद्या माग चालला की मी घरी बसणार."

"काय आहे त्यात?"

"उद्या कळेल सगळ्यांना," म्हणाले आणि लाजले. एवढा म्हातारा माणूस लाजला, म्हणून मला गंमत वाटली आणि घाबरायलाही झालं. डोळ्यांसमोर त्या फायली यायला लागल्या.

फायलींचं असं होतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्टीच्या दोन फायली असायच्या. एकीत माल आणि दुसरीत अनुक्रमणिका, म्हणजे कुठला माल कुठल्या कप्प्यात आहे ते. मध्येच वीज तोडली की बहुतेक वेळा अनुक्रमणिका मोडते. ती नवी करता येते. माल बिघडला असेल तर मात्र डोक्याला हात लावून बसायचं. काय मोडलंय हे बघायला काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवायचा एक तपासणीचा प्रोग्रॅम असतो. त्याला ना चित्र ना रंग, फायलीचं नाव दिलं की तो एकेक ओळीनं कोरडा हिशेब सांगतो. पण तो चालवायचा तर आधी अक्कांची परवानगी हवी होती.

मी आत गेले आणि स्टुलावर त्यांच्यासमोर बसले.

"अक्का, गाभाऱ्याचं दार बंद असलं तरी आपण जाळीतून दर्शन घेतो की नाही?"

"घेतो की."

"मग मला तेवढंच करू द्या. ह्याच्या आतलं एक अक्षर हलवणार नाही. नुसतं बघणार."

"बघायला तो चालू करावा लागेल."

"नाही लागणार. ह्याच्या पोटातली डिस्क काढते आणि माझ्या लॅपटॉपला जोडते."

"पोट फाडणार त्याचं? आजच्या दिवशी?"

"अगं, डिस्क म्हणजे पेटी," अण्णा मध्ये पडले. "माग बंद असताना आपण पेटीतलं सूत बघतच नाही का? बघितलं म्हणजे विणलं असं होतं का?"

अक्कांना पेटीचं पटलं. मग माझ्या बॅगेकडे बोट दाखवलं. "आणि ह्या तुमच्या लॅपटॉपची पूजा झाली का?"

"नाही ओ."

"खंडेनवमीला पूजा नाही? काय बाई तरी! ज्याच्या जिवावर पोट भरता..."

"राहिली खरी. पण म्हणूनच तो आज मोकळा आहे ना!"

अक्का एकदम हसल्या. हसल्या त्या पदरात तोंड घालून, मोठ्यांदा. "वकील व्हायचं होतं तुम्ही," म्हणाल्या. मी लॅपटॉप बाहेर काढून टेबलावर ठेवला, आणि सवयीनं त्यांचा हात शेजारच्या कुंकवाच्या करंड्याकडे गेला.

"नको, नको!" मी लॅपटॉप छातीशीच धरला. "कुंकू लागलं की हाही बसेल विश्रांतीला!"

शेठ भिंतीला टेकल्या टेकल्या खो खो हसायला लागले, ते अक्कांनी बघितल्यावर थांबले.

मग मी हार सोडवून अलगद बाजूला ठेवला. वायरमनचा स्क्रू ड्रायव्हर पाटावर हळद-कुंकू लावून बसला होता, त्यामुळं माझ्या बॅगेतला बारकाच वापरला. डिस्क काढली, फक्त वाचायचं, लिहायचं नाही, असं बजावून लॅपटॉपला जोडली आणि आधी सगळ्या फायलींची नक्कल करून घेतली. मग काळा पडदा उघडला आणि नक्कलेवर तपासणी लावली.

पहिलीच ओळ आली ती वाईट. अनुक्रमणिका मोडलेली. खाली त्या प्रोग्रॅमनं आगाऊपणे सल्लाही दिला होता: दुरुस्त करून घ्या.

"करा की मग दुरुस्त!" शेठ माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले. "तोच सांगतोय की!"

"शेठ, गप्प बसा बघू." मी आधीच तापले होते. "दुरुस्तीचा हुकूम आंधळा असतो. जे त्याला पटत नाही ते तो फेकून देतो आणि वर झालं म्हणून सांगतो. आधी माल बघू द्या."

मालाची फाईल तपासायला लावली. पडद्यावर काहीच हलेना. अण्णा माझ्या मागं उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. अक्का तोंडातल्या तोंडात तेलुगूत काहीतरी पुटपुटत होत्या. मला तेलुगू येत नाही, पण देवाशी चाललेलं भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

"काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं.

"अजून मोजतोय. प्रत्येक तुकडा पुढच्या तुकड्याला नीट जोडलाय का, ते हात लावून लावून बघतोय."

"मग बघू दे सावकाश. घाई करू नका त्याला." मघाशी पोट फाडू न देणारी बाई आता त्याची बाजू घ्यायला लागली होती.

मग ओळी पडायला लागल्या. फाईल नीट बंद झालेली नाही, अशी एक तक्रार. मी पुढं वाचलं. तुकडे जुळले. पुढचे जुळले. तुटकं काही नाही, एकावर एक चढलेलं काही नाही, हरवलेलं काही नाही. माल शाबूत!

"अण्णा, माल आहे!" मी ओरडलेच. "नुसती अनुक्रमणिका गेलीय!"

अण्णांनी दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाच ठाऊक. समोर लॅपटॉपच होता.

"आता दुरुस्ती करायची म्हणजे हात लावायचा ना?" अक्कांना नियमाची आठवण होतीच.

"ह्या नक्कलेला लावायचा. मूळची आहे तशी डिस्कवर झोपलीय. ही नक्कल आत्ता जन्मली, हिला अजून हळद-कुंकूही लागलेलं नाही."

"मग चालेल," अक्का म्हणाल्या.

नक्कलेची अनुक्रमणिका नव्यानं बांधली. परत तपासलं. ह्या वेळी तक्रारीची एकही ओळ नाही. शेठनी टाळी वाजवली आणि चहा सांगायला धावले. दुकानं सगळी बंद होती, म्हणून तसेच परत आले.

"झालं ना?" त्यांनी विचारलं. "मग द्या मला डिझाइन."

"अजून नाही. ह्या प्रोग्रॅमला फक्त हाडं कळतात. हाडं जागच्या जागी आहेत, एवढं तो सांगतो. माणूस आपलाच आहे का, ते घरच्यांनी चेहरा बघून ओळखायचं. अण्णा, उघडून बघावं लागेल."

अण्णा गडबडले. "आत्ता? इथं?"

"खात्री नको का? उद्या माग भलतंच विणायला लागला तर?"

"मग हिला..." त्यांनी अक्कांकडे बघितलं. "तू जरा घरी जाऊन येतेस का? देवापुढचा दिवा..."

"दिव्यात भरपूर तेल आहे," अक्का म्हणाल्या आणि स्टूल ओढून लॅपटॉपसमोर बसल्या.

अण्णांचा इलाज खुंटला. मी डिझाइन उघडलं.

मला वाटलं होतं, मोर असतील, कमळं असतील, नाहीतर वेलबुट्टी. तसं काही नव्हतं. चादरीची पूर्ण लांबीरुंदी घरांत विभागलेली, आणि प्रत्येक घरात एक रांगोळी. ठिपक्यांच्या रांगोळ्या, ठिपक्यांना वळसे घालत जाणाऱ्या रेघा. एकीसारखी दुसरी नाही. मला ते बघून छान वाटलं, पण कळलं काहीच नाही. मी अण्णांना म्हणाले, "बघा, बरोबर आहे का?"

 अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते. बायकोकडे बघत होते.

अक्का पुढं वाकल्या. पदरानं डोळे पुसले आणि परत बघितलं. बोट पडद्यावर टेकवलं. "हा मुग्गू..." त्यांच्यात रांगोळीला तसं म्हणतात. "हा संक्रांतीचा. आणि ही... ही मी आपल्या नव्या घरापुढं काढली होती. पहिल्या दिवशी." बोट सरकत गेलं. "ही लेकीच्या लग्नातली. ओ, ही माझी आहे! ह्या सगळ्या माझ्या आहेत!"

"तुझ्याच," अण्णा म्हणाले.

"तुम्ही कधी बघितल्यात? तुम्ही तर पायरीवर बसून चहाची वाट बघायचात!"

"चहा काय, कधी ना कधी आलाच असता."

शेठनी तोंड फिरवलं आणि उगाचच वजनकाट्यावरची फुलं सारखी करायला लागले. रोज सकाळी काढायची, दुसऱ्या दिवशी झाडून टाकायची, आणि परत नवी. त्या बाईनं आयुष्यभर हेच केलं होतं. तिच्या लेखी त्यातलं काही कुठं उरलेलं नव्हतं.

अक्का मात्र अजून बघत होत्या. आणि अचानक त्यांचं बोट एका घरावर थांबलं. मधल्याच घरावर.

"मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे खराब झालंय."

"काय?"

"इथं बघा. ह्या ओळीत एक ठिपका कमी आहे. सगळ्या ओळी भरल्यात, हीच तेवढी अपुरी. रेघ येऊन नुसतीच थांबलीय." त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या पूजेनं झालं का ओ हे? सकाळी मी बंद केला त्याला. खरं सांगा."

म्हणजे त्यांच्या मनात ते सकाळपासूनच होतं. अण्णा लपवत होते आणि त्याही लपवत होत्या.

तपासणी तर स्वच्छ आली होती! मी परत काळा पडदा उघडला, त्या प्रोग्रॅममधली सगळ्यात कडक तपासणी लावली, जी एकेक अक्षर पिंजून काढते. दातओठ खात बसले. उत्तर आलं: काही दोष नाही. मी डिस्कवरच्या मूळ फायलीशी नक्कल ताडून बघितली. तंतोतंत तीच.

"अक्का, हा म्हणतो बरोबर आहे."

"त्याला काय कळतंय? रांगोळी मी काढते का तो काढतो?"

मी अण्णांकडे वळले.

"तो बरोबर सांगतोय," अण्णा म्हणाले. "तेवढा ठिपका नाहीच तिथं. मी भरलाच नाही."

"का?"

"तू टाकलाच नव्हतास." अण्णा अक्कांच्या शेजारी जमिनीवरच बसले. "आठव की. पहाटे तू अंगणात रांगोळी काढत होतीस. दिवस भरले होते तुझे, वाकवत नव्हतं, मी नको म्हणत होतो, तू ऐकत नव्हतीस. शेवटचा ठिपका राहिला आणि कळा सुरू झाल्या. तशीच उठलीस. रिक्षात बसतानासुद्धा मला ओरडून सांगत होतीस, तेवढा एक ठिपका टाका म्हणून."

"मग टाकायचा नाही का!"

"मला कुठं येतंय रांगोळी?" अण्णा म्हणाले. "मी तिच्यावर टोपलं पालथं घालून ठेवलं. वाऱ्यानं जाईल म्हणून. तू पोरीला घेऊन परत आलीस तोवर कुणाला झाडू दिलं नाही अंगण. आणि तू दारात पाऊल ठेवलंस ते मलाच बोललीस. 'एवढे दिवस अंगण झाडलं नाही? लाज नाही वाटत?'"

अक्कांनी तोंडावर हात घेतला. खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतात. त्या हसत होत्या. हसता हसता रडायला लागल्या आणि रडता रडता नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. "अहो, मग सांगायचं नाही होय! मी झाडून टाकलं की हो ते!"

"म्हणून तर विणायला घेतलं," अण्णा म्हणाले.

मी म्हणाले, "अक्का, हवा असेल तर ठिपका आत्ता टाकता येईल. एका बोटाचं काम आहे."

त्यांनी त्या रिकाम्या जागेवरून एकदा बोट फिरवलं. मग नको म्हणून मान हलवली आणि पदर खोचून उठल्या. "चला, जेवायला चला घरी. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नाही." त्या दिवशी मी त्यांच्याकडं इतकी जेवले की स्कूटर चालवणं जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी अक्कांनी स्वतः कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला, मी डिस्क परत बसवली, दुरुस्त फायली आत घातल्या आणि मागाला डिझाइन दिलं. माग धडधडायला लागला. बोटा-बोटानं रांगोळ्या वर यायला लागल्या, पांढऱ्यावर लाल. अख्खा कारखाना भोवती जमला होता. शेठचे एक व्यापारी पाहुणे आले होते, जुने जाणकार. मधलं घर विणून झालं तसे ते वाकले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "अण्णा, काम बाकी देखणं आहे. पण इथं एक ठिपका चुकलाय बघा."

अण्णांनी तोंड उघडायच्या आत अक्का पुढं झाल्या.

"चुकला नाही ओ," त्या म्हणाल्या. "तिथं आमची सरोजा झाली."